करंट लागतो, करंट खाताही येतो!

मुलांनो, आइस्क्रीमच्या दुकानातला फलक आठवा. व्हॅनिला, मँगो, बटरस्कॉच आणि त्यांच्या खाली जांभळ्या अक्षरांत ‘ब्लॅक करंट’. आता रस्त्याकडेच्या विजेच्या डीपीवरची कवटी आठवा. तिथे हात लावला तर काय होईल? करंट लागेल! म्हणजे एक करंट कोनात भरून मजेत चाटायचा आणि दुसऱ्याच्या जवळपासही फिरकायचे नाही. मराठीत लिहिले तर दोन्ही शब्द अगदी अनुस्वारासकट एकच. इंग्रजीत लिहिले तर दोन्ही सात अक्षरांचे. त्यांतली सहा अक्षरे तीच, त्याच जागी. फरक फक्त पाचव्या अक्षराचा. विजेच्या करंटमध्ये तिथे ‘ई’ आहे, आइस्क्रीमच्या करंटमध्ये ‘ए’.

मग हे दोघे एकमेकांचे कोण लागतात? भाऊ, चुलत भाऊ, की नुसतेच एकसारखे दिसणारे परके?

असे शब्द इंग्रजीत ढिगाने आहेत आणि स्पेलिंगच्या चाचणीत तेच आपले गुण खातात. पाठ केले की लक्षात राहतात, हे खरे. पण मला वाटते, पाठ करण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारायला हवा. गावातल्या पारावर बसलेले आजोबा नवे पोर दिसले की विचारतात ना, “कुणाचा रं तू?” तोच प्रश्न. पोराने वडिलांचे नाव सांगितले की आजोबांना त्याचे घर, गल्ली, शेत, आजोळ, सगळे समजते. शब्दांच्या बाबतीत या चौकशीला व्युत्पत्ती शोधणे म्हणतात. मराठी शब्दांची घराणी सांगणारा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ कृ. पां. कुलकर्णी यांनी तयार केला आणि तो १९४६ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांतही प्रत्येक शब्दाजवळ त्याचे मूळ दिलेले असते. चला तर, सांगली-साताऱ्यातच हिंडू आणि वाटेत भेटतील त्या इंग्रजी शब्दांना विचारू, कुणाचा रं तू?

पहिला मुक्काम तासगाव. द्राक्षांच्या हंगामात इकडे आलात तर माळावर लांबच लांब बेदाणा शेड दिसतात. आत एकावर एक जाळ्या ताणलेल्या आणि त्यांवर द्राक्षे पसरलेली. तास-ए-गणेशसारखी बिनबियांची द्राक्षे आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात बुडवून काढतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. या पाण्याने तो सैल पडतो आणि आतला ओलावा भराभर बाहेर निघतो. थेट ऊन लागू दिले नाही तर रंग छान हिरवट राहतो. साधारण पंधरा दिवसांत बेदाणा तयार! चार किलो द्राक्षे वाळवली की हाती येतो जेमतेम एक किलो बेदाणा. सांगलीच्या या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आता तासगावहून थेट ग्रीसला जाऊ. तिथे कोरिंथ नावाचे प्राचीन शहर आहे. त्या भागात इवल्याशा काळ्या द्राक्षांचा बारीक बेदाणा होई आणि जहाजांत भरून दूरदूर जाई. सहा-सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले लोक फ्रेंच वळणाच्या भाषेत त्याला ‘कोरिंथचे बेदाणे’ म्हणत. जिभेवर घोळत घोळत कोरिंथचे झाले ‘कोरांत्स’, आणि कोरांत्सचे झाले ‘करंट’. बेदाणे हा शब्द गळून पडला, गावाचे नाव तेवढे उरले. पैठणच्या साडीची आपल्याकडे नुसती ‘पैठणी’ झाली ना, अगदी त्याच रीतीने.

पण थांबा, आइस्क्रीममधला ब्लॅक करंट म्हणजे हा बेदाणा नव्हे! तो द्राक्षाच्या कुळातलाही नाही. थंड देशांत एका झुडपाला काळीभोर, आंबटगोड फळे लागतात. ती पाहून युरोपातल्या लोकांना कोरिंथच्या बेदाण्याची आठवण झाली आणि त्यांनी या फळांनाही करंट म्हणायला सुरुवात केली. आज अनेकांना करंट म्हटले की हे झुडपावरचे फळच आठवते आणि नावाचा खरा मालक, तो चिमुकला बेदाणा, मागे पडला आहे.

द्राक्षांच्या नावांचा गुंता इथेच संपत नाही. इंग्रजीत बेदाण्याला रेझिन म्हणतात. तेच स्पेलिंग कागदावर लिहून फ्रान्समधल्या फळवाल्याला दाखवलेत, तर तो ताजी द्राक्षे देईल! फ्रेंचमध्ये तो शब्द ‘रेझँ’ असा उच्चारतात आणि त्याचा अर्थच मुळी द्राक्ष. मग इंग्रजांचा ग्रेप कुठून आला? तोही फ्रेंचमधूनच. पण फ्रेंचमध्ये ‘ग्राप’ म्हणजे अख्खा घड. इंग्रजांनी घडाचे नाव एकेका द्राक्षाला दिले आणि द्राक्षाचे नाव वाळलेल्या द्राक्षाला!

आता दुसऱ्या करंटची चौकशी. त्यासाठी सांगलीच्या आयर्विन पुलावर यायचे. हा दगडी पूल १९२९ मध्ये खुला झाला आणि त्याला त्या वेळच्या व्हाइसरॉयचे नाव दिले गेले. पावसाळ्यात सांगलीत जो भेटेल तो विचारतो, “आयर्विनला किती फूट झालं?” पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ फुटांवर गेले की धोका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते ५७ फुटांच्याही वर गेले होते. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला घेऊन, सांगलीजवळ हरिपूरला वारणेला घेऊन पुढे जाते. तेव्हा तिच्या पाण्याला जी ओढ असते, तो करंट. ‘ई’ वाला.

हा शब्द लॅटिन भाषेतल्या ‘कुर्रेरे’ या क्रियापदाच्या घरातला. कुर्रेरे म्हणजे धावणे. पाणी धावते, म्हणून करंट. या घरात माणसे किती आहेत पाहा! पत्रे आणि पार्सले घेऊन धावणारा कुरिअर. या हातातून त्या हातात धावणारा पैसा म्हणजे करन्सी. सहलीला म्हणतात तो एक्सकर्शन, म्हणजे बाहेर धावणे. आणि शाळेतला कॉरिडॉर? त्या शब्दाचा मूळ अर्थच ‘धावायची जागा’! इटलीतून आलेला हा शब्द. मधल्या सुट्टीत जिथे धावल्याबद्दल तुम्हांला ओरडा बसतो, त्या जागेचे नावच धावण्यावरून पडले आहे.

वीज या घरात कशी शिरली? अठराव्या शतकात विजेवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांना वाटे की वीज हा एक प्रकारचा द्रव आहे आणि नळातून पाणी जावे तशी ती तारेतून वाहते. म्हणून त्यांनी नदीचा शब्द विजेला दिला. वीज म्हणजे द्रव नव्हे, तारेत सरकतात ते इलेक्ट्रॉन, हे खूप नंतर कळले. तोवर शब्द पक्का रुजला होता. आपणही विद्युत‘प्रवाह’च म्हणतो की! आणि बँकेतल्या करंट अकाउंटला आपण चालू खाते म्हणतो, करंट अफेअर्सला चालू घडामोडी. रोमन लोकांचा शब्द धावतो, आपला चालतो, इतकेच.

तर दोन करंटांचे नाते काय? काहीही नाही. एक शब्द गावावरून आला, दुसरा धावण्यावरून. चालता चालता दोघांचे कपडे सारखे झाले. एक ‘ए’ आणि एक ‘ई’ उरले नसते, तर दोघांना वेगळे ओळखताही आले नसते.

याहून भारी जोडी आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आहे. सांगली जिल्हा मोठा विलक्षण. पश्चिमेला शिराळ्याच्या डोंगरांत धो धो पाऊस आणि पूर्वेला जत-आटपाडीकडे आभाळात ढग शोधायचा. आटपाडी, साताऱ्यातले माण आणि खटाव, सोलापुरातला सांगोला मिळून हा माणदेश. ‘बनगरवाडी’ ही कादंबरी लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर इथल्याच माडगुळ्याचे. सरकारी इंग्रजी कागदांत या भागाला ‘ड्राउट-प्रोन’ म्हणतात, म्हणजे अवर्षणप्रवण, वारंवार दुष्काळ पडणारा. ड्राउटचे स्पेलिंग मोठ्याने म्हणा: डी-ओ... नाही, घाई नको, डी-आर-ओ-यू-जी-एच-टी.

आता याच माणदेशाचा लाडका कोण? खिलार बैल! पांढरेशुभ्र अंग, लांब निमुळते तोंड, मागे झेपावलेली टोकदार शिंगे आणि चालण्यात असा रुबाब की बघत राहावे. खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. कमी चाऱ्यावर, कोरड्या हवेत टिकणारी ही जात. पशुवैद्यकाच्या इंग्रजी पुस्तकात खिलारची नोंद ‘ड्राफ्ट’ जातीचा बैल अशी असते, म्हणजे ओढकामाचा बैल. ब्रिटिश पद्धतीने या ड्राफ्टचे स्पेलिंग कसे होते? डी-आर-ए-यू-जी-एच-टी! दुष्काळ आणि बैल, दोघेही एकाच माळावरचे, आणि त्यांच्या इंग्रजी शब्दांत फरक फक्त तिसऱ्या अक्षराचा.

यांनाही विचारू. दुष्काळवाला ड्राउट सांगतो, मी ‘ड्राय’च्या घरातला. ड्राय म्हणजे कोरडे. बैलवाला ड्राफ्ट सांगतो, मी ‘ड्रॉ’च्या घरातला. ड्रॉ म्हणजे ओढणे. बैल गाडी ओढतो, तो ड्राफ्ट. कागदावर रेघा ओढून घराचा किंवा यंत्राचा आराखडा काढतो, तो ड्राफ्ट्समन. आयटीआयमध्ये हा अभ्यासक्रम असतो आणि प्रवेशाच्या पुस्तिकेत त्याचे स्पेलिंग पाहा, बैलाचेच आहे. एका दमात ओढलेला पाण्याचा घोट, तोही ड्राफ्ट. फटीतून आत येणारी गार झुळूक, तीही ड्राफ्ट. अमेरिकेतल्या लोकांनी मात्र लांबलचक स्पेलिंग सोडून डी-आर-ए-एफ-टी असे सुटसुटीत केले.

म्हणजे ड्राउट आणि ड्राफ्ट हेही परकेच निघाले. पण आता मराठीत या. बैल गाडा ओढतो. तुम्ही वहीत रेघ ओढता. नदीच्या पाण्याला ओढ असते. आणि जूनमध्ये आलेला पाऊस जुलैत गायब झाला, की माणदेशातला शेतकरी काय म्हणतो? “पावसानं ओढ दिली.” इंग्रजीत ज्यांची कधी ओळखसुद्धा नव्हती, त्या बैलाच्या आणि दुष्काळाच्या शब्दांना मराठीने एकाच शब्दात आणून बसवले! हा निव्वळ योगायोग आहे, पण किती सुंदर आहे. मला तर तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्यापैकी एखाद्याला प्रश्न पडला असेल, की या दोन्ही स्पेलिंगांत ‘जी-एच’ कशाला बसलेत? एका शब्दात त्यांचा उच्चार ‘फ’ होतो, दुसऱ्यात काहीच होत नाही. नांगराला इंग्रजीत प्लाउ म्हणतात, त्यातही हे दोघे आहेतच. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला हा शब्द चांगला ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात मिळालेल्या माळावर १९१० साली ही वसाहत वसवली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. प्लाउ, टफ, कॉफ, थ्रू, दो. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे या पाचही शब्दांत आहेत आणि पाचही ठिकाणी उच्चार निराळा! हा काय न्याय झाला?

याचे कारण फार जुने आहे. एके काळी इंग्रज लोक जी-एच खरोखर उच्चारत. घशातून घासत काढलेला ‘ख’ सारखा आवाज होता तो. जर्मन लोक अजूनही काढतात. रात्रीला इंग्रजीत नाइट म्हणतात, त्यातला जी-एच मुका आहे. जर्मनमध्ये रात्र म्हणजे ‘नाख्ट’, तिथे तो ‘ख’ ठणठणीत ऐकू येतो. आणि संस्कृतमध्ये रात्रीसाठी एक शब्द आहे ‘नक्त’. नाइट, नाख्ट, नक्त ही तिन्ही एकाच पूर्वजाची लेकरे, हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली. म्हणजे नाइटमधला मुका जी-एच हा आपल्या नक्तमधल्या ‘क’चा दूरचा भाऊ!

१४७६ साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. त्याच सुमारास लोकांच्या तोंडून हा घशातला आवाज नाहीसा होत चालला होता. कुठे त्याचा ‘फ’ झाला, कुठे तो पुरता विरला. पण छापलेल्या पुस्तकांत जुनी स्पेलिंग घट्ट बसत गेली. बोलणे पुढे निघून गेले, लिहिणे मागे राहिले.

छपाईचे नाव निघालेच आहे, तर मिरजेला मुजरा करायला हवा. नाना फडणवीसांच्या प्रेरणेने तांब्याच्या पत्र्यांवर देवनागरी अक्षरे कोरायचे काम पुण्यात सुरू झाले होते. नानांच्या निधनानंतर ती कला मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला आली आणि १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली.

आणि जुन्या उच्चाराची खूण लिहिण्यात मागे राहणे मराठीतही घडले बरे का. आजी-आजोबांच्या कपाटातले १९६२ च्या आधीचे एखादे पुस्तक उघडा. ‘नांव’, ‘गांव’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे टिंबे दिलेले शब्द दिसतील. नांवावरचे टिंब म्हणजे ‘नाम’मधल्या ‘म’ची आठवण, गांवावरचे टिंब म्हणजे ‘ग्राम’मधल्या ‘म’ची. बोलण्यातून तो आवाज गेला होता, टिंब तेवढे राहिले होते. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ही न उच्चारली जाणारी टिंबे काढून टाकली गेली. इंग्रजीने आपले जी-एच काढले नाहीत, म्हणून इंग्रजांची मुले अजून पाठ करत बसली आहेत आणि त्यांच्याबरोबर आपणही.

आतापर्यंत भेटलेले इंग्रजीतले जुळे शब्द परके निघाले. सख्खे कुणी आहेत का? आहेत, आणि ते भेटतात साताऱ्याजवळ कासच्या पठारावर. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली कासही युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, निळी इवलीशी सीतेची आसवे असे रंगांचे थवे उतरतात. फुलाला इंग्रजीत फ्लॉवर म्हणतात हे तुम्हांला बालवाडीपासून ठाऊक आहे. आणि पिठाला? फ्लार किंवा फ्लावर, उच्चार जवळजवळ तोच. एकाचे स्पेलिंग एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर, दुसऱ्याचे एफ-एल-ओ-यू-आर.

हे दोघे जवळचे नाहीत, ते एकच आहेत! फ्रेंचांनी आणि त्यांच्यामागून इंग्रजांनी धान्याच्या सगळ्यांत उत्तम, बारीक भागाला ‘गव्हाचे फूल’ म्हटले. दळण चाळले, कोंडा बाजूला झाला, जे मऊ पांढरे खाली पडले ते धान्याचे फूल. पुढे गहू हा शब्द सुटला आणि नुसते फूल म्हणजे पीठ झाले. कित्येक शतके दोन्ही अर्थांना कुठलेही स्पेलिंग चाले. मग लोकांना अडचण होऊ लागली, म्हणून हळूहळू एक स्पेलिंग बागेला दिले आणि एक स्वयंपाकघराला. ही वाटणी पक्की व्हायला एकोणिसावे शतक उजाडले.

शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानाचीही अशीच गोष्ट. स्टेशनरी म्हणजे वह्या-पेन, आणि जवळपास त्याच स्पेलिंगचा दुसरा स्टेशनरी म्हणजे जागेवर उभे, न हलणारे. पूर्वी युरोपात बरेच विक्रेते डोक्यावर-पाठीवर माल घेऊन फिरत. विद्यापीठांजवळ पुस्तके आणि कागद विकणारे मात्र एका जागी दुकान थाटून बसत. एका जागी बसणारा तो स्टेशनर, आणि त्याचा माल ती स्टेशनरी. दुकानाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई-आर-वाय’ असते. पेपरच्या शेवटीही ‘ई-आर’ असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता सांगलीच्या बाजारात घुसू. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, तेव्हा हवासुद्धा पिवळी वाटते. सांगलीजवळ हरिपूरला पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. कोरड्या मातीत खोल खणलेली ही पेवे हळद वर्षानुवर्षे सांभाळत. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार अशाच पेवांवरून आला. बाजार हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इंग्रजीतही ‘बझार’ म्हणून पोहोचला. त्याच्या अगदी शेजारी इंग्रजीत दुसरा शब्द उभा आहे, ‘बिझार’, म्हणजे विचित्र, तऱ्हेवाईक. बाजारातल्या गोंगाटावरून हा शब्द पडला असेल असे कुणालाही वाटेल, पण नाही. बिझार आला इटलीतून, फ्रान्समार्गे. जुन्या इटालियनमध्ये ‘बिझ्झारो’ म्हणजे रागीट. या शब्दाबद्दल एक मजेदार गोष्ट बरीच वर्षे सांगितली जायची. स्पेनच्या सीमेवरच्या बास्क लोकांच्या भाषेत ‘बिझार’ म्हणजे दाढी, आणि दाढीवाले बास्क सैनिक पाहून फ्रेंचांना ते विचित्र वाटले, म्हणून हा शब्द! ऐकायला झकास आहे. पण इटालियन शब्द दान्ते या महाकवीच्या, म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या, लेखनातही सापडतो. त्यामुळे अभ्यासकांनी दाढीची गोष्ट बाजूला ठेवली.

गावांच्या नावांबद्दलही अशा गोष्टी असतात. सहा गल्ल्या होत्या म्हणून सांगली, असे सांगलीत कुणीही सांगेल. साताऱ्याबद्दल इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये लिहिले आहे, की किल्ल्याला भिंती, बुरूज आणि दरवाजे मिळून सतरा, म्हणून नाव सातारा. सात डोंगरांवरून हे नाव पडले, असेही काही जण मानतात.

सतरा आणि सातारा! यात मिरजेचा एक शब्द मिळवा: सतार. ‘स’, ‘त’, ‘र’ ही तीनच अक्षरे, काना तेवढा इकडेतिकडे होतो. आपल्याला वाटत होते जुळे दिसणारे शब्द इंग्रजीतच असतात! सतरा आला संस्कृतच्या ‘सप्तदश’पासून. सतार आली फारसीतून: ‘से’ म्हणजे तीन आणि ‘तार’ म्हणजे तार. नाव तीन तारांचे, पण आजच्या सतारीला अठरा-वीस तारा असतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या भोपळ्यापासून सतारी आणि तंबोरे घडतात. एके काळी शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यांतले हात या कामाकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

सतारीला इंग्रजीत ‘सितार’ लिहितात आणि तिच्याशेजारी ‘गिटार’ लिहिले की शेवटची चार अक्षरे तंतोतंत जुळतात, आय-टी-ए-आर. दोन्ही वाद्यांना तारा, दोन्ही नावांत ‘तार’. पण गिटारला विचारा, ती ग्रीसचे नाव सांगेल. तिथल्या ‘किथारा’ या वाद्यापासून स्पॅनिशमध्ये ‘गितार्रा’ आणि मग गिटार. तिच्या शेपटातला ‘टार’ आपल्या तारेचा कुणी नव्हे.

शेवटी एक प्राणी, आणि तो थेट आपल्या बांधावरचा. इंग्रजीत हंसासारख्या दिसणाऱ्या बदकाच्या जातीतल्या पक्ष्याला ‘गूस’ म्हणतात. अनेक असले की ‘गीस’. अमेरिकेत-कॅनडात एक थोरला शिंगाळ प्राणी आहे, ‘मूस’. अनेक असले तरी ‘मूस’च. आणि तिसरा ‘माँगूस’, ज्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी अख्खा गूस बसलाय. तर माँगूसचे अनेकवचन काय? माँगीस?

तिघांना विचारून घेऊ. गूस हा अतिशय जुना शब्द, आणि त्याचा लांबचा नातेवाईक आहे संस्कृतमधला ‘हंस’! गूसचे गीस होते ते इंग्रजीच्या फार जुन्या रिवाजाने, जसे फुटचे फीट, टूथचे टीथ. मूस हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द. त्याला इंग्रजीचे जुने रिवाज ठाऊकच नाहीत. आणि माँगूस? तो आहे आपला मराठी मुंगूस! जतकडच्या कन्नड बोलणाऱ्या गावांत त्यालाच मुंगुसी म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत पोहोचला. इंग्रजांच्या कानांना शेवटचा ‘गूस’ ओळखीचा वाटला आणि त्यांनी स्पेलिंगही तसेच करून टाकले. पण मुंगसाचा पक्ष्याशी काय संबंध? म्हणून उद्या पेपरात माँगूसचे अनेकवचन आले तर बेधडक ‘माँगूसेस’ लिहा. आणि शेजारच्याने माँगीस लिहिले असेल, तर पेपर सुटल्यावर त्याला सांगा, की हा शब्द आमच्याकडचा आहे.